शुक्रवारची हाक

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटवत बसायचं माझं वय आता राहिलेलं नाही. आणि रचायचीच असती तर निदान स्वतःला तरी जरा बरं रचलं असतं.

साल एकोणीसशे एकसष्ट. गाव पनवेल.

शुक्रवार. दिवेलागणीची वेळ.

मी बळीराम. बाजारात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. आमच्या परसाला लागून एफ्राइमचं परस. तो पोस्टात तारबाबू होता. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. घरात तो आणि त्याची आई, अबीगेलमावशी, दोघंच.

आम्हा दोघांना एकच खूळ लागलं होतं, हौशी रेडिओच्या लायसन्सचं. आपल्या घरात बसून, आपण जोडलेल्या यंत्रावरून, जगात कुणाशीही बोलायचं. त्यासाठी मुंबईला जाऊन सरकारी परीक्षा द्यायची. टिंब आणि रेघांची मोर्सची भाषा कानाने ऐकून कागदावर उतरवायची. अर्ज केल्यावर पोलीस चौकशीला घरी आले, तेव्हा माझी आई गुणाबाई दोन दिवस जेवली नव्हती. तिला वाटलं, पोराने कुठेतरी हात मारला.

सरावासाठी आम्ही दोन घरांमध्ये शेवग्यावरून तार ओढली. दोन्हीकडे एकेक की, म्हणजे बोटाने दाबायची खटकी, आणि एकेक बझर. त्याने की दाबली की माझ्या घरात बझर वाजायचा. इंग्रजी अक्षरांत आम्ही मराठीच बोलायचो.

की दाबणाऱ्याचा हात ओळखू येतो, अक्षर ओळखू येतं तसा. एफ्राइम शेवटची रेघ लांबवायचा. तुझी रेघ पेणपर्यंत जाते, असं मी त्याला चिडवायचो.

त्याचे दोन नियम होते.

एक. आधी विचारायचं, "आहेस का." समोरून "आहे" आलं तरच पुढे बोलायचं. तिकडे माणूसच नसेल तर मजकूर वाऱ्यावर जातो, असं तो म्हणायचा. पोस्टातली सवय.

दुसरा नियम शनिवारचा, त्यांच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवसाचा. शुक्रवारी दिवेलागणीला अबीगेलमावशी काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल घालून वात लावायची. त्यानंतर शनिवारचा सूर्य बुडेपर्यंत तो कीला हात लावत नसे. एकदा मी मुद्दाम शुक्रवारी बझर वाजवला. मावशी स्वतः परसातून चालत आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली की, पोरा, आमचा शनिवार आम्हाला पाळू दे. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी आईची शपथ घेतली. शुक्रवारी की दाबणार नाही.

परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती.

त्या शुक्रवारी मावशी दिवा लावून प्रार्थनेला सिनेगॉगमध्ये गेली. त्यांची सगळी आळीच गेली. एफ्राइमला सर्दीताप होता, म्हणून तो घरी राहिला.

मी चहा पीत बसलो होतो.

आणि... बझर वाजला.

"आहेस का."

हात त्याचाच. लांब रेघ.

मला हसू आलं. मावशी घरी नाही असं बघून माझी शपथ तपासतोय लेकाचा, असं वाटलं. मी चहा प्यायलो.

पुन्हा वाजला. "आहेस का."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "बळी, ते पोर कवाचं हाका मारतंय. उत्तर दे ना रं."

"आज शुक्रवार हाय, आये. नाय द्यायचं."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा हात सैल पडला होता. टिंबं एकमेकांपासून लांब जात होती. झोपेतल्या माणसासारखी.

"आहेस..."

पुढचं "का" आलंच नाही.

मी कीकडे पाहिलं. हातभर अंतरावर होती. मी शपथ पाळली, याचा मला चक्क अभिमान वाटला.

तासाभराने मावशीची किंकाळी ऐकू आली.

एफ्राइम टेबलावर डोकं टेकून बसला होता. हात कीवर. पायाला दोन दात लागले होते. डॉक्टर म्हणाले, नाग असावा. नागाच्या विषाने आधी जीभ जड होते, आवाज जातो. माणूस ओरडू शकत नाही.

साप काही सापडला नाही. टेबलाखाली बॅटऱ्यांची अडगळ होती, तिथेच चावला असणार असं सगळ्यांनी ठरवलं. मग आळीत कुजबुज सुरू झाली. शनिवार मोडून यंत्राशी खेळत बसला, म्हणून असं झालं.

त्यांच्यातल्या सुतकाप्रमाणे सात दिवस मावशी जमिनीवर बसून होती. आठव्या दिवशी ती आमच्या दारात आली.

"बळीराम, त्या संध्याकाळी तुझ्याकडे काही वाजलं का रे? जिवासाठी हात लावला असेल तर आमच्यात ते पाप नाही. लोक काय बोलतात ते तू ऐकतोसच. तू हो म्हण, मी सगळ्यांना सांगेन."

आई दारामागे उभी होती.

हो म्हणायचं, तर मी ऐकलं आणि बसून राहिलो, हेही सांगावं लागणार होतं.

मी म्हणालो, "नाही मावशी. काही वाजलं नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

परीक्षेला मी एकटा गेलो. भर दुपार, मुंबईची सरकारी कचेरी, कानाला हेडफोन. मजकूर संपला, मी पेन्सिल ठेवली. साहेबांनी कागद पाहिला. पास आहे म्हणाले. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय? हे आम्ही पाठवलंच नाही.

माझ्याच अक्षरात लिहिलं होतं...

"आहेस का."

त्या आठवड्यात मी घरी येऊन शेवग्यावरची तार काढली. बझरची बॅटरी काढून टाकली.

शुक्रवारी दिवेलागणीला तो वाजला.

एरवी सहा दिवस मुका. फक्त शुक्रवारी, जेव्हा एफ्राइमने कधीच वाजवला नसता तेव्हाच. दर वेळी लांब रेघ. मी उठून बाहेर जायचो.

पुढच्या वर्षी मावशी इस्रायलला निघाली, भावाकडे. एसटीवर तिची ट्रंक मीच चढवली. साड्यांमध्ये तिने एफ्राइमची की फडक्यात गुंडाळून ठेवली होती. हिच्यामुळे गेला, पण हिला त्याचा हात लागलाय, असं म्हणाली. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. दहा मिनिटांत सगळं सांगून झालं असतं.

मी पाण्याचा तांब्या भरून आणून दिला.

त्याच आठवड्यात माझं लायसन्स आलं. शुक्रवारीच. शिक्का, सही, माझं नाव. आम्ही दोघं ज्यासाठी झुरलो तो कागद टेबलावर ठेवून मी रडत होतो, आणि...

"आहेस का."

त्याची की इस्रायलला गेली होती. तार नव्हती. बॅटरी नव्हती.

आतून आई म्हणाली, "आता तरी दे रं उत्तर."

तीही ऐकत होती. पहिल्यापासून.

मी माझी की दाबली. "आहे."

मग सावकाश, एकेक अक्षर...

"आईला सांग."

एवढंच. रागाचा एक शब्द नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मावशीला पत्र लिहायला मला चार वर्षं लागली. कागद घ्यायचो, फाडायचो. दर शुक्रवारी तो विचारायचा, मी "आहे" म्हणायचो, तो म्हणायचा, "आईला सांग." शेवटी एका शनिवारी सगळं लिहून पोस्टात टाकलं.

उत्तर दिना नावाच्या मुलीचं आलं. अबीगेलमावशी तिची आत्या. पत्र पोचायच्या अकरा दिवस आधी आत्या गेली होती. दिनाने लिहिलं होतं की आत्या दर शुक्रवारी दिवा लावून, शनिवार मोडलेल्या मुलासाठी देवाकडे माफी मागायची.

मी ते पत्र आईला वाचून दाखवलं. त्या दिवशी चूल पेटली नाही.

तेव्हापासून बझर फक्त विचारतो. "आहेस का." मी "आहे" म्हणतो. मग तासभर बसून राहतो. पुढचा मजकूर येत नाही.

लायसन्स भिंतीवर आहे. काच बदलली, कागद पिवळा पडला. त्यावरून मी जगात एकालाही हाक मारली नाही. त्या आळीतली कुजबुज करणारी माणसंही आता उरली नाहीत. कुणी गेली, कुणी परदेशी. सांगावं असं कुणीच नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

आज शुक्रवार आहे. दिवेलागणीला थोडाच वेळ आहे.

एफ्राइमने शनिवार मोडला नव्हता. तो मला हाक मारत होता.

आणि मी ऐकलं होतं.