झाकणाखालचा तारा

खण्‌ण... डब्याचं झाकण ओट्यावरून घसरलं, फरशीवर गोल गोल फिरलं आणि आडवं झालं. सकाळपासून स्वयंपाकघरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. शेपटीनं जीभ चावली. सुट्टीला आलेल्या तिघा भावंडांत ती सगळ्यांत धाकटी; ताई आणि चष्मिस जातील तिथे मागे मागे, म्हणून शेपटी.

मावशीनं झाकणाकडे पाहिलंही नाही. ती वेधशाळेत काम करायची. तिचा एक अंधुक तारा होता. त्याच्याभोवती काळोखा सोबती फिरायचा. दर तीन वर्षांनी तो ताऱ्यासमोरून जायचा आणि तारा एका रात्रीपुरता मंदावायचा. किती मंदावतो, यावरून त्या न दिसणाऱ्या सोबत्याचा आकार काढता येतो. मागच्या खेपेला ढगांनी घात केला होता. यंदाची रात्र आजची. आणि कालच संचालकांनी दुर्बिणीच्या महिनाभराच्या रात्री स्वतःच्या नावावर लावून घेतल्या होत्या. त्यांना म्हणे नवा तारा सापडला होता.

“फोटोत एक ठिपका दिसला, एवढंच,” चष्मिसनं नाक मुरडलं.

दुर्बिणीला झाकण लावूनही एक फोटो काढलात का, असं मावशीनं संचालकांना विचारलं होतं. कॅमेऱ्यात लाखो बारीक कप्पे असतात. एखादा बिघडतो आणि प्रकाश नसतानाही चमकत राहतो. म्हणून खगोलशास्त्रज्ञ झाकण बंद ठेवूनही फोटो घेतात आणि त्यातली खोटी चमक खऱ्या फोटोतून वजा करतात. संचालकांनी ही पद्धत महिन्यापूर्वीच बंद केली होती. रोज अर्धा तास कोण फुकट घालवणार? या कामात माझे केस पिकलेत, असंही वर ऐकवलं होतं.

“केस पिकायला काही करावं लागत नाही,” ताई म्हणाली. “नुसतं बसून राहिलं तरी पिकतात.”

मग तिनं खाली पडलेलं झाकण उचललं आणि शेपटीच्या कानात काहीतरी सांगितलं.

दुपारी तीन वाजता वेधशाळेत पाहुणे जमले. संचालक नवा कोट घालून उभे होते. पडद्यावर ठिपका, ठिपक्याभोवती लाल गोल, आणि खाली ठिपक्याहून कितीतरी मोठ्या अक्षरांत संचालकांचं नाव.

शेपटीनं हात वर केला. “काका, तुमचा तारा खूप तेजस्वी आहे?”

“खूप!”

“झाकण लावलं तरी दिसेल?”

पाहुणे हसले. संचालक सगळ्यांत जास्त हसले आणि मावशीकडे पाहत म्हणाले, की घरातलं ज्ञान दिसतंच आहे.

“दिसेल,” ताई शांतपणे म्हणाली. “दिसला तर आजची रात्र मावशीची. नाही दिसला तर आम्ही सुट्टीभर तुमच्या ग्रंथालयातली धूळ पुसू.”

चारचौघांत पोरांची फजिती करायची संधी ते कशी सोडतील? त्यांनी स्वतः झाकण लावलं, दोनदा चाचपलं आणि बटण दाबलं. तीन मिनिटं गेली. पडदा काळाकुट्ट झाला.

“हे बघा, इथे काहीही...” संचालकांचं बोट हवेतच थांबलं.

काळ्या पडद्यावर, अगदी त्याच जागी, तारा चमकत होता.

“म्हणजे तारा दुर्बिणीच्या आत राहतो?” एका पत्रकारबाईंनी विचारलं.

संचालक उकाड्यावर बोलले, वायरींवर बोलले, जुन्या यंत्रांवर तर बराच वेळ बोलले. स्वतःवर सोडून सगळ्यावर बोलले. पाहुण्यांनी पेनांची टोपणं लावली. एक म्हातारे प्राध्यापक उठले आणि त्यांनी तिघांशी हात मिळवला. “यांनी पहिल्या दिवशी करायचं काम तुम्ही आज केलंत,” ते म्हणाले. ते मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, असं चष्मिसचं मत पडलं.

संध्याकाळी आभाळ निरभ्र होतं. मावशीनं आधी झाकण लावलं आणि अंधाराचे फोटो घ्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... कितीतरी दिवसांनी ती गुणगुणत होती. शेपटी तिच्या मांडीवर, दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून बसली होती.

“मावशी, कॅमेऱ्याची चूक आपण डोळ्यांनी पकडली ना?”

“हो गं.”

“मग सगळ्या माणसांच्या डोळ्यांत एकाच जागी असा खोटा ठिपका असेल, तर तो खोटा आहे हे कुणाला कळणार?”

मावशीनं बटणावरचं बोट उचललं. मग तिनंही आपले तळहात डोळ्यांवर दाबून पाहिले.