बारा टोपल्या

चर्चच्या स्वयंपाकघरात थर्मन गॅस्किल मरून पडला होता, डोकं माशांच्या परातीत. मागून कवटी फुटलेली. शेजारी रक्ताने माखलेला लाकडी हातोडा. आणि हातोडा होता केल्बीचा.

किनाऱ्यावरच्या त्या एवढ्याशा गावाला तेवढं पुरलं. केल्बी दुसऱ्या गावचा. सगळे उपासनेला असताना बाहेर चुलाणावर एकटाच मासे तळत होता. पोलीस डेप्युटी नेल रोझ स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली, तोवर लोकांनी त्याचा जबडा मोडला होता. तिने त्याला कसंबसं गाडीत कोंडलं. लोक काचा फोडायला लागले.

“किल्ली दे, पोरी. उपऱ्याला खाडीत बुडवतो,” जमावात सगळ्यांत पुढे असलेला ड्वेन म्हणाला. त्याच्या मुठीवर केल्बीचं रक्त होतं.

“थोडा वेळ दे, ड्वेन. मग हवं तर मलाही बुडव.”

खळ्‌कन एक काच गेली. नेल आत वळली.

जेवणाच्या दालनात पांढऱ्या कापडावर बारा टोपल्या ओळीने मांडलेल्या होत्या. भाकरी-माशांचा रविवार होता ना. येशूने लोकांना जेवू घातल्याची कथा वाचायची, मग सगळ्यांनी जेवायचं. कथेत जेवढ्या टोपल्या उरल्या, तेवढ्याच इथे मांडायच्या आणि उरलेलं भरून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे पोचवायचं. नेल लहानपणापासून ते पाहत आली होती.

पाळक आयलाबाई बाकावर बसल्या होत्या.

“बाई, उपासनेत कोण नव्हतं?”

“मी पुस्तकात बघत होते गं, आणि लोक माझ्याकडे. थर्मन तेवढा मध्येच उठला. मुलगा बुडाल्यापासून गप्प असायचा. आज म्हणाला, जेवणाआधी मला सगळ्यांशी बोलायचंय.”

“वाचलंत काय?”

“पाच हजारांची कथा चारही शुभवर्तमानांत आहे, दरवर्षी तीच वाचतो. आज उभी राहिले आणि वाटलं, मार्कमधली दुसरी वाचावी. चार हजार लोकांची. कित्येकांनी नाकं मुरडली.”

नेलने टोपल्यांकडे पुन्हा पाहिलं. टेबलापाशी म्हातारा अन्सेल फुल्चर पेले पुसत होता.

“अन्सेलकाका, तुम्ही कुठे होता?”

“मागच्या बाकावर. शेवटपर्यंत.”

“आणि टोपल्या?”

“मीच मांडल्या. आमेन झाल्यावर. तुझ्या जन्माआधीपासून मीच मांडतो.”

“आवडली कथा?”

“दरवर्षी डोळे भरून येतात बघ.”

“आज दरवर्षीची नव्हती, काका. पाच हजार जेवले तेव्हा बारा टोपल्या उरल्या. चार हजार जेवले तेव्हा सात. आज बाकावर बसलेलं पोरसुद्धा सातच मांडेल. तुम्ही थर्मनकाकांच्या मागे स्वयंपाकघरात होता. मग इकडे येऊन हात सवयीने चालले.”

पेला फुटला. अन्सेलने टेबलावरची सुरी उचलली ती थेट नेलच्या गळ्यावर. तिने मान बाजूला घेतली. पातं खांद्यात घुसलं. तिने त्याचं मनगट टेबलाच्या कडेवर आपटलं, एकदा, दोनदा, हाड मोडेपर्यंत.

“बोट मीच उलटवली,” तो जमिनीवरून विव्हळला. “पिऊन. थर्मनचा पोरगा माझ्यामुळे बुडाला. आज तो सगळ्यांना सांगणार होता.”

दारात ड्वेन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. हात मात्र धुतले नव्हते.

आयलाबाईंनी बारातल्या पाच टोपल्या उचलून खाली ठेवल्या. पहिलं ताट केल्बीला वाढलं. ड्वेनच ते गाडीपाशी घेऊन गेला.

केल्बीने भाकरी उचलली. त्याला चावता येत नव्हतं.