उतारावर सुटलेली गाडी

शिंपी दुकानाचं शटर उचलत होता. तेवढ्यात उतारावरून बिनचालकाची लाल गाडी आली आणि त्याचा पाय चिरडला गेला.

फौजदार पोहोचले तेव्हा शिंप्याला दवाखान्यात नेलं होतं. गाडी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंची. दिवसभर "क्लच! क्लच!" ओरडायच्या, म्हणून गल्लीत त्या क्लचताई.

"हँडब्रेक ओढला होता?"

"हो. पण तो सैल झालाय, थोडा वेळ धरतो अन् सोडतो. म्हणून गाडीचं तोंड उताराकडे असलं की मी रिव्हर्स टाकूनच उतरते. मग चाकांना इंजिन धरून ठेवतं."

"आता तर गिअर न्यूट्रलला आहे."

"मी काढला नाही, साहेब! लायसन गेलं तर आम्ही दोघं खाणार काय?"

दुसरे म्हणजे त्यांचे वडील. उंचेपुरे, निवृत्त बसचालक. इस्त्रीचा खाकी सदरा घालून दारात बसले होते. "आज ड्यूटी उशिराची का हो?" त्यांनी फौजदारांनाच विचारलं.

"समोरच्यांच्या कार्ट्यांचंच काम हे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "माकडं नुसती!"

फौजदारांनी मेकॅनिकला बोलावलं. गाडी पुन्हा उतारावर नेली, रिव्हर्स टाकला, हँडब्रेक सोडला. गाडी हलली नाही.

"गिअरबॉक्स ठणठणीत आहे," मेकॅनिक म्हणाला. "आतले दात झिजले की गिअर आपोआप सुटतो. इथे तसं काही नाही."

"आता क्लच न दाबता गिअर काढ."

त्याने दोन्ही हातांनी दांडा ओढला. घट्ट! "सगळं वजन दातांवर आलंय, साहेब. क्लच दाबल्याशिवाय निघायचा नाही. पण ही सीट एवढी मागे कुणी सारली? माझेच पाय पुरेनात."

क्लचताई जेमतेम त्याच्या खांद्याला लागतील एवढ्या. फौजदारांनी स्विचमध्ये अडकलेली किल्ली काढली.

"ही कुठे असते?"

"घरात. दाराजवळच्या खिळ्यावर." क्लचताईंनी वळून दाराकडे पाहिलं.

फौजदार त्यांना बाजूला घेऊन गेले.

"पोरांचे पाय पेडलला पोचत नाहीत. परक्याच्या हाती किल्ली लागत नाही. हा माणूस घरातला, उंच आणि मुरलेला ड्रायव्हर. किल्ली फिरवण्याआधी क्लच दाबून न्यूट्रल करायचं, ही त्याच्या हाडात भिनलेली सवय. मग गाडी काढण्याआधी चाकं ठोकून बघायला तो खाली उतरला असेल आणि कशाला उतरलो तेच विसरला. हँडब्रेकने थोडा वेळ धरलं, मग सोडलं." ते थांबले. "तुमचे बाबा."

"रोज सकाळी ड्यूटीवर निघतात," क्लचताई हळूच म्हणाल्या. "किल्ली लपवायला हवी होती. मीच विसरले असं लिहा ना, साहेब. त्यांना उचलून कुठे नेलं तर मला शोधत फिरतील."

"खोटं कसं लिहू? आणि खरं लिहून तरी त्या शिंप्याचा पाय परत येणार आहे का?"

एवढ्यात बाबाच काठी टेकत आले.

"सापडला का तो, साहेब? सोडू नका. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून जातो, त्याला ड्रायव्हर म्हणत नाहीत!"

क्लचताईंनी बाबांच्या सदऱ्याचं उघडं राहिलेलं बटण लावलं.

"सापडला, बाबा," त्या म्हणाल्या. "चला, घरात चला."