तुळई खाली येतेय!

"दोन हजार दोनशे!" स्टुलावर चढलेली भुवनेश्वरी ओरडली.

मागांच्या खडखडाटात खाली बसलेल्या ऋतुजाला त्यातलं फक्त शेवटचं ऐकू आलं.

"दोनशेच? म्हंजी आपला रोबो मांजराएवढा व्हनार की!"

"दोन हजार दोनशे मिलिमीटर! जमिनीपासून तुळईपर्यंत. लिही लवकर, आणि शेजारी आजची तारीख टाक."

"तारीख कशाला?"

"संस्कृतीताई म्हणते, मापाशेजारी तारीख हवीच."

सोलापूरच्या भवानी पेठेतला हा टॉवेलचा कारखाना विरुपाक्ष शेठचा. इमारत जुनी. खाली बारा माग, वर सुताच्या गोण्यांचं गोदाम, आणि ते सगळं गोदाम पेलणारी एक लांबच लांब सागवानी तुळई. भुवनेश्वरीचे वडील नरसय्या इथंच माग चालवायचे. घरी तेलुगू बोलत, म्हणून ती त्यांना नान्ना म्हणायची आणि ते तिला लाडानं अम्मा. दिवसभर उडणारी रुई तुळईला चिकटून झुपक्यांनी लोंबायची. आठवड्यातून एकदा कुणीतरी झाडू मारला की ती सगळ्यांच्या नाकातोंडात जायची आणि नान्ना रात्रभर खोकायचे.

म्हणून भुवनेश्वरीनं सुट्टीत ठरवलं होतं, तुळई साफ करणारा रोबो बनवायचा! जोडीला होते तिच्या वर्गातला अजिंक्य आणि त्याची आतेबहीण ऋतुजा. ती मंगळवेढ्याहून मामाकडे सुट्टीला आली होती.

रोबोचं चित्र काढायला त्यांना शिकवलं संस्कृतीताईनं. ती इंजिनिअरिंगला होती आणि उन्हाळ्यात पेठेतल्या मुलांचा फुकट वर्ग घ्यायची. संगणकात काही इन्स्टॉल करायची गरज नव्हती. ब्राउझर उघडायचा, थ्रीडी डिझाईनचं फुकट सॉफ्टवेअर सुरू करायचं, की पडद्यावर निळी जाळी यायची. मग ठोकळा ओढून आणायचा, नळकांडं ओढून आणायचं आणि हवं ते माप टाकायचं.

अजिंक्यनं एक ठोकळा टाकला. त्याला चार चाकं लावली, वर उंच नळकांडं उभं केलं, त्यावर एक आडवी पट्टी आणि पट्टीवर ब्रश.

"हा तर पडेल," संस्कृतीताई म्हणाली. "एवढा उंच आणि पाया एवढासा? रुंद कर. आणि आता तुळईसुद्धा काढा. रोबो तिच्याखालून जातो का, ते इथंच बघायचं."

अजिंक्यनं तपकिरी रंगाचा लांब ठोकळा दोन हजार दोनशेच्या उंचीवर ठेवला. रोबोची पट्टी त्यानं दोन हजार एकशे नव्वदवर आणली. दहा मिलिमीटरची फट राहिली. ब्रशचे मऊ केस त्या फटीतून तुळईला घासणार होते.

"शाब्बास! आता याच मापानं कापा," असं सांगून संस्कृतीताई दोन दिवसांसाठी आपल्या गावी, मैंदर्गीला गेली.

प्लायवूडचा पाया, त्यावर दोन विटांचं वजन, पाण्याचा पांढरा पाइप आणि अजिंक्यच्या जुन्या रिमोटच्या गाडीच्या मोटारी. गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत रोबो कारखान्यात उभा राहिला. अजिंक्यनं रिमोट दाबला. रोबो डुगडुगत निघाला, तुळईपाशी पोचला आणि...

टक्!

पट्टी तुळईवर आपटली आणि रोबो जागच्या जागी घरघरत राहिला.

"तू पाइप मोठा कापलास!" भुवनेश्वरी म्हणाली.

"मी? तूच माप चुकीचं सांगितलंस!"

"भांडू नका की! मोजा आदी," ऋतुजा म्हणाली.

पाइप मोजला. बरोबर होता! पट्टी, पाया, चाकं, सगळं मॉडेलप्रमाणेच होतं. मग भुवनेश्वरी स्टुलावर चढली. तीच जागा, तीच टेप. आकडा बघून तिनं डोळे चोळले आणि पुन्हा मोजलं.

"दोन हजार एकशे शहाऐंशी," ती हळूच म्हणाली.

"सोमवारी दोन हजार दोनशे होतं," अजिंक्य म्हणाला.

"मग चौदा मिलिमीटर गेले कुठं?"

ऋतुजाच्या वहीच्या उघड्या पानावर वरून बारीक पिवळसर भुकटी पडली. तिनं ती फुंकरीनं उडवली. थोडी आणखी पडली.

शुक्रवारी सकाळी मोजलं, तर दोन हजार एकशे एकोणऐंशी! अजिंक्यनं मॉडेलची नवी प्रत काढली, तिला तारखेचं नाव दिलं आणि तुळईच्या उंचीचा नवा आकडा टाकला. पडद्यावरचा तपकिरी ठोकळा झटकन खाली आला आणि रोबोच्या डोक्यात घुसला.

तिघंही ते चित्र बघत बसली. भुवनेश्वरीनं पडद्यावरून मान वर करून खऱ्या तुळईकडे बघितलं. त्या तुळईखाली नान्नांचा माग होता.

"ह्ये बगा," ऋतुजा जमिनीकडे बोट दाखवत म्हणाली. एका नव्याकोऱ्या मागाच्या पायाशी फरशी नव्हती, सिमेंटचा ताजा चौकोन होता. "हितं काय हुतं?"

"खांब!" भुवनेश्वरीला एकदम आठवलं. "लहानपणी मी त्याला टेकून डबा खायची. नान्ना, इथला खांब कुठं गेला?"

नान्नांनी माग थांबवला. "गेल्या महिन्यात शेठनी काढला. नवा माग बसत नव्हता. शेठ म्हणाले, तो खांब नुसता शोभेचा होता."

"कुणाला विचारून काढला?"

"विचारणार कुणाला, अम्मा? मालक तेच."

अजिंक्यनं दोन्ही प्रतींची लिंक आणि तिन्ही मापं संस्कृतीताईला पाठवली, काढलेल्या खांबाचं आणि वर वाढणाऱ्या गोण्यांचंही लिहिलं. पाच मिनिटांत तिचा फोन आला. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"नीट ऐका. मधला खांब काढलाय, वर गोण्या वाढतायत आणि तुळई रोज वाकतेय. ती कधीही तुटू शकते! तुमच्यापैकी कुणी आत जायचं नाही. मी आमच्या सरांना फोन करते. उद्या दुपारी त्यांना घेऊनच येते. तोवर शेठना सांगून माग बंद करायला लावा."

नान्ना मुलांना घेऊन अंगणापलीकडच्या शेठच्या खोलीत गेले. विरुपाक्ष शेठ मुलांच्या लॅपटॉपवरचं चित्र बघून मोठ्यानं हसले.

"नरसय्या, पोरांच्या खेळण्यावरून कारखाना बंद करू? माझ्या आजोबांनी बसवलेली तुळई आहे ती! टेप तिरकी धरली असेल यांनी."

"काका, आम्ही तीनदा मोजलं," भुवनेश्वरी म्हणाली.

"आता चौथ्यांदा मोजायचं नाही! उद्या चाळीस गोण्या यायच्यात. मधे मधे करू नका."

चाळीस गोण्या! आणि त्या सगळ्या त्याच तुळईवर!

शनिवारी सकाळी अकरालाच ऊन भाजत होतं. कारखान्यासमोर ट्रक उभा होता आणि दोन हमाल पाठीवर गोण्या घेऊन बाहेरच्या जिन्यानं वर चढत होते. आत माग धडधडत होते. मुलं दारातच थांबली होती. नान्नांनी स्टुलावर चढून टेप धरली आणि बोटांनी आकडा दाखवला. दोन हजार एकशे चौसष्ट. एका दिवसात पंधरा मिलिमीटर! खाली उतरताना नान्नांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पुन्हा सांगतो शेठना," ते म्हणाले.

"ते ऐकणार नाहीत," अजिंक्य म्हणाला. "दुपारपर्यंत चाळीस गोण्या वर गेल्या असतील!"

भुवनेश्वरीनं ओढणी नीट केली आणि सरळ शेठच्या खोलीत गेली.

"काका, आमचा रोबो तयार आहे. त्याचं उद्घाटन तुमच्या हातून करायचंय. आम्ही व्हिडिओ काढणार आहोत. सोलापुरात असा रोबो असलेला तुमचा पहिलाच कारखाना असेल!"

शेठनी मान वर केली. "व्हिडिओ? कुठं दाखवणार?"

"सगळीकडे! पण माग बंद ठेवावे लागतील. रुई उडाली की काही दिसत नाही. आणि सगळे कामगार अंगणात, तुमच्या मागे उभे हवेत. हमालसुद्धा. म्हणजे कारखाना मोठा वाटेल."

"दहा मिनिटं," शेठ म्हणाले आणि खुंटीवरची टोपी घ्यायला उठले.

एकेक माग थांबत गेला. कामगार घाम पुसत अंगणात आले. हमालांनी गोण्या ट्रकपाशीच टेकवल्या. शेठ टोपी सारखी करून सगळ्यांच्या पुढं उभे राहिले. रोबो दाराच्या आतच उभा होता. शेठनी बाहेरूनच त्याची फीत कापली. ऋतुजानं मोबाइल धरला आणि अजिंक्यनं रिमोट दाबला.

रोबो डुगडुगत निघाला. तुळईपाशी पोचायच्या कितीतरी आधीच त्याचा ब्रश तिच्या खालच्या कडेपेक्षा उंच दिसू लागला. मग ब्रशचे केस दबले आणि पट्टी आपटली. टक्!

"काका," भुवनेश्वरी म्हणाली, "सोमवारच्या मापानं हा रोबो खालून जायला हवा होता. रोबो वाढलेला नाही."

शेठ काही बोलणार, तेवढ्यात तो आवाज आला.

कर्रर्र...

एरवी मागांच्या खडखडाटात तो कुणाला ऐकूच आला नसता. आता मात्र सगळं शांत होतं. कुणी खोकतही नव्हतं. पुन्हा आला. कर्रर्र... आणि तुळईवरून रुईचा एक मोठा झुपका सुटून संथपणे खाली आला.

"मागं सरका! सगळे मागं सरका!" नान्ना ओरडले. ते माणसं मोजू लागले. "अकरा... बारा... तेरा... आणि हे दोन हमाल. आपण तर चौदा जण! चौदावं कोण? सोनाबाई कुठंय?"

सोनाबाई सुताच्या कांड्या भरायच्या. दाराच्या आतल्या डाव्या कोपऱ्यात त्या आपला डबा शोधत वाकल्या होत्या!

"सोनामावशी! बाहेर या!" सगळे ओरडले. पण तीस वर्षं मागांच्या आवाजात काढल्यामुळं सोनाबाईंना धड ऐकू येत नव्हतं. त्यांची पाठ दाराकडे होती. नान्ना आत धावणार, तेवढ्यात भुवनेश्वरीनं त्यांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"नान्ना, नको! अजिंक्य, रोबो! रोबो मागं घे!"

अजिंक्यनं रिमोट दाबला. रोबो मागं आला, गर्रकन वळला आणि एका मागाला धडकून तिरका झाला.

"डावीकडं! अजून डावीकडं!" ऋतुजा किंचाळली. "आता सरळ!"

रोबो कोपऱ्याकडे धावला आणि सोनाबाईंच्या टाचेवर जाऊन आपटला.

"अगं आई गं!" सोनाबाई वळल्या. समोर पांढरा पाइप झुलत होता आणि दारापलीकडे सगळा कारखाना वेड्यासारखे हात हलवत होता. "काय बाई ही पोरं! म्हातारीच्या पायावर गाडी घालत्यात व्हय?" असं बडबडत त्या डबा घेऊन निघाल्या. चार पावलं. तीन. दोन. नान्नांनी उंबऱ्यावरच त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलं.

तोफ उडावी तसा आवाज झाला!

तुळई मधोमध तुटली. वरचं गोदाम गोण्यांसकट खाली आलं आणि दारातून धुळीचा लोट अंगणात घुसला. सगळे खोकत, डोळे चोळत रस्त्यापर्यंत धावले. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. बसली तेव्हा नान्नांचा माग दिसतच नव्हता. तिथं सुताच्या गोण्यांचा ढीग होता आणि ढिगातून तुळईचं एक टोक वर आलं होतं.

भुवनेश्वरी त्या ढिगाकडे बघत उभी होती. आता मात्र ती तिथंच रस्त्यावर बसून रडायला लागली. नान्नांनी तिला उचललं, ती लहान असताना उचलायचे तसं.

"बिड्डा, माझ्या लेकरा," ते तिच्या केसांतली धूळ झटकत म्हणाले, "आज मी तुझ्यामुळं उभा आहे."

सोनाबाईंना आता सगळं कळलं होतं. त्यांनी तिन्ही पोरांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"लई शानी लेकरं! माझं आयुष्य लागू दे तुमाला!"

दुपारी संस्कृतीताई तिच्या सरांना घेऊन पोचली. तोवर अग्निशमन दलाची गाडी आली होती. सरांनी पडलेली तुळई लांबूनच बघितली. मग लॅपटॉपवर चारही दिवसांचे आकडे एकेक करून तपासले.

"मोठमोठे लोक नुसत्या नजरेनं बघतात आणि सांगतात, सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही मोजलंत, लिहून ठेवलंत आणि आकडा आवडला नाही म्हणून तो खोडला नाहीत. माझ्या वर्गात अशी मुलं हवीत मला."

संस्कृतीताईनं तिघांना एकदम जवळ ओढलं.

विरुपाक्ष शेठ इतका वेळ ट्रकच्या सावलीत बसून होते. टोपी कुठं पडली होती कुणास ठाऊक. ते उठून मुलांसमोर आले.

"पोरींनो, अजिंक्य... चुकलो मी," ते म्हणाले. "चौदा माणसं... आणि मी हसलो तुमच्यावर." मग ते एकदम दचकले. "अक्कलकोट रस्त्याला माझा दुसरा कारखाना आहे. तिथलाही एक खांब काढलाय मी. मागच्याच आठवड्यात. चला माझ्याबरोबर. तिथलं मोजून द्या. आत्ताच्या आत्ता!"

भुवनेश्वरीनं डोळे पुसले.

"तिथं आत्ता माणसं कामावर आहेत?"

"आहेत. नऊ जण."

"मग मोजायचं नंतर बघू, काका. आधी फोन करा आणि सगळ्यांना बाहेर काढा!"

तिचा आवाज अजूनही ओला होता, पण शेठनी लगेच ऐकलं. त्यांनी खिशातून फोन काढला.

"हॅलो? माग बंद करा. कारण विचारू नका, सगळे रस्त्यावर या! एकेक जण मोजून घ्या आणि मला आकडा सांगा."

फोन कानाला लावून ते उभे राहिले. रस्त्यावरचे सगळे त्यांच्याकडे बघत होते. कितीतरी वेळानं शेठच्या खांद्यांतला ताण सुटला आणि त्यांनी भुवनेश्वरीकडे बघून मान हलवली.

"नऊ," ते म्हणाले.