कातळनादचे सोबती

डिसेंबरातल्या एका सकाळी जयसिंगपूरच्या माणगाव्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर तीन संगीत महोत्सवांची माहितीपत्रकं पसरली होती. चारुशीलानं ती मुद्दाम छापून आणली होती. पडद्यावरचा मजकूर वाचता वाचता बदलतो, असा तिचा अनुभव होता, आणि चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईला बदलणारा पुरावा चालत नाही. ती अडुसष्ट वर्षांची होती, हेमंत सत्तरीचा. दोघांची ओळखच रॉकमुळे झाली होती. सांगलीला इंजिनिअरिंगला असताना तो कॉलेजच्या बँडमध्ये बास गिटार वाजवायचा आणि शेजारच्या कॉलेजातली ही मुलगी समोर उभी राहून, तो लयीत कुठं घसरतो ते बोटावर मोजायची. पुढं त्याचं आयुष्य फाउंड्रीत गेलं, तिचं वर्गात, पण वर्षातून एक तरी महोत्सव दोघांनी चुकवला नव्हता. तीन वर्षांपूर्वी पुण्याबाहेरच्या एका मैदानात गर्दीचा लोंढा आला, चारुशीला पडली आणि उजवा गुडघा कायमचा दुखावला. तेव्हापासून जाणं थांबलं होतं.

आता हेमंतनं पुन्हा विषय काढला होता. म्हाताऱ्यांना सांभाळून घेणारा महोत्सव शोधू, असं तो म्हणाला. तिनं तिघांनाही एकच पत्र पाठवलं. किती चालावं लागेल, पाठ टेकायची खुर्ची मिळेल का, शौचालय किती पावलांवर आहे, आवाज किती डेसिबल असेल, कांदा-लसूण-बटाट्याशिवाय जेवण मिळेल का. एकाचं उत्तर आलंच नाही. दुसऱ्यानं सर्व वयोगटांचं स्वागत आहे एवढंच कळवलं. तिसऱ्याचं, म्हणजे राजापूरजवळच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर, भरणाऱ्या ‘कातळनाद’चं उत्तर अकरा मिनिटांत आलं. प्रत्येक प्रश्नाला आकड्यासकट उत्तर होतं, सोबत चढउतार दाखवणारा नकाशा होता, आणि शेवटी गुडघ्याची चौकशी होती. पत्रात तिनं गुडघ्याचा उल्लेख केल्याचं तिला आठवत नव्हतं.

“एवढी आपुलकी कशासाठी?” तिनं विचारलं.

“मग कुठं जायचं? जिथं कुणी विचारत नाही तिथं?” हेमंत म्हणाला.

तिची शंका मात्र गेली नाही. कातळनादवाल्यांनी आवड समजून घ्यायची म्हणून तीन गाणी पाठवली होती. गाणं ऐकताना फोनच्या पडद्यावर बोटानं ताल धरायचा होता. दोघांनी तो धरला. मग चौदा पानांचा अर्ज आला, तोही भरून गेला, आणि जानेवारीच्या अखेरीस ती दोघं सड्यावर पोचली.

तांबूस काळा कातळ मैलभर पसरला होता, फटींमधून वाळलेलं पिवळं गवत वर आलं होतं. वाहनतळावरच पन्नाशीची एक बाई त्यांची वाट पाहत होती. तिचं नाव शबाना मुकादम. रत्नागिरीच्या एका रुग्णालयात परिचारिका होती, आता स्वेच्छेनं निवृत्त झाली होती आणि इथं ‘सोबती’ म्हणून काम करत होती. तिनं दोघांच्या मनगटावर कापडासारखी मऊ तालपट्टी बांधली. गर्दीतली माणसं एका तालात हलत असतात तोवर गर्दी सुरक्षित असते, असं तिनं समजावलं. ताल फुटायला लागला की चेंगराचेंगरीच्या पाच-सहा मिनिटं आधी पट्ट्यांवरून ते कळतं, मग मंचावरचा आवाज उतरतो आणि कडेच्या वाटा उघडतात. चारुशीलाला ही कल्पना पटली. पुण्यात असं काही असतं तर, हा विचारही तिच्या मनात आला.

पण मग शबाना हेमंतकडं वळली आणि हळू आवाजात म्हणाली, “काका, रात्री झोप झाली का? जेवणं वेळेवर होतायत ना?”

काठी टेकत उभी होती चारुशीला, आणि झोपेची चौकशी हेमंतची झाली. ते तिच्या मनात राहिलं.

त्यांचा तंबू आरोग्यकक्षाच्या अगदी जवळ होता. तंबूच्या दारावर क्रमांकाऐवजी जास्वंदीचं मोठं लाल चित्र होतं. शेजारच्या तंबूवर मोर होता, पलीकडे छत्री. संपूर्ण रांग अशीच होती. चारुशीलानं संध्याकाळी फेरफटका मारून पाहिलं, तर बाकीच्या सगळ्या रांगांना साधे क्रमांक होते, आणि तिथंही पांढऱ्या केसांची जोडपी होतीच. मग आपल्याच रांगेला चित्रं का? तिनं वही काढली आणि टिपून ठेवलं.

संगीत मात्र उत्तम होतं. दुपारी चारला पहिला बँड सुरू झाला आणि बासचा आवाज कातळातून तळपायांत चढायला लागला. आजूबाजूला विशीतली मुलं नाचत होती, कुणी धक्का देत नव्हतं. हेमंतचे डोळे भरून आले होते. चारुशीलानं काठी मांडीवर आडवी ठेवली आणि दोन तास टाळ्यांचा ठेका धरला. इतकं बरं तिला तीन वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर शबाना हेमंतला बोलवायला आली. जुन्या वादकांशी ध्वनिव्यवस्थेबद्दल गप्पा ठेवल्या आहेत, काकूंनी तेवढ्यात आराम करावा, असं ती म्हणाली. चारुशीला आराम करायला गेली नाही. ती काठी घेऊन मागोमाग निघाली. हेमंत ध्वनिकक्षाकडं गेलाच नाही, तो आरोग्यकक्षात शिरला. मोराच्या तंबूतले गृहस्थ आणि छत्रीच्या तंबूतली बाईही तिथंच गेली. अर्ध्या तासानं तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. गप्पा कशा झाल्या, असं तिनं विचारलं. छान झाल्या, जुन्या अँप्लिफायरचा विषय निघाला होता, असं त्यानं सांगितलं.

लग्नाच्या चाळीस वर्षांत हेमंत तिच्याशी खोटं बोलला नव्हता, निदान तिला कळेल असं नाही. तिनं वही उघडली. रांगेला चित्रं का, हे तिथं दोनदा लिहिलेलं होतं, एकाखाली एक, जवळजवळ त्याच शब्दांत. घाईत झालं असेल, असं म्हणून तिनं पुढं लिहिलं. झोपेची चौकशी त्याची. बोलावणं त्याला. तंबू आरोग्यकक्षाजवळ. डिसेंबरात धरलेला ताल. या चार गोष्टी तिनं रेघ मारून जोडल्या. हेमंतला काहीतरी झालं होतं. या लोकांना ते त्याच्या बोटांवरून आधीच कळलं होतं, आणि सगळे मिळून तिच्यापासून ते लपवत होते.

त्या संध्याकाळी गाण्याकडं तिचं लक्ष नव्हतं. ती हेमंतचा पाय पाहत राहिली. पाय ठेक्यावर पडत होता, पण नुसत्या डोळ्यांना काय दिसणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी, हेमंत अंघोळीला गेलेला असताना, ती एकटी आरोग्यकक्षात गेली. डॉक्टर प्रांजल केणी मेंदूविकारतज्ज्ञ होत्या. चाळिशीच्या असतील. चारुशीलानं खुर्ची ओढली आणि वर्गात कॉपी पकडल्यावर वापरायची तोच शांत आवाज लावला. तालपट्टी गर्दीसाठी आहे हे आपल्याला मान्य आहे, पण त्या पट्टीतून माणसाच्या मेंदूचाही हिशेब लागतो, हेही आपल्या लक्षात आलं आहे, असं तिनं सांगितलं. आपल्या नवऱ्याची माहिती आपल्याला हवी आहे, असंही ती म्हणाली.

डॉक्टरांनी नाकारलं नाही. त्यांनी एक साधी गोष्ट समजावली. निरोगी माणूस ठोका ऐकून टाळी देत नाही. मेंदू पुढचा ठोका कुठं पडणार याचा अंदाज बांधतो आणि हात किंचित आधीच निघतो, सेकंदाच्या काही शतांशांनी. अंदाज बांधणारा हा भाग थकायला लागला की टाळी ठोक्याच्या मागं पडायला लागते. याला त्या ‘तालविलंब’ म्हणत. विसरभोळेपणा घरच्यांच्या लक्षात येण्याच्या दोन-तीन वर्षं आधी तो दिसू शकतो. हे निदान नव्हे, पण तपासण्या करून घ्याव्यात इतकी ती खूण पक्की असते. ज्यांच्यातल्या एकात ही खूण आढळली, अशा जोडप्यांसाठीच चित्रांची रांग होती, कारण चित्र आकड्यापेक्षा जास्त काळ लक्षात राहतं. आणि सोबती होते ते दोघांसाठीही.

“त्याचा आलेख दाखवा,” चारुशीला म्हणाली.

“काकांनी तुम्हाला काहीही दाखवायची परवानगी दिलेली आहे,” असं म्हणत डॉक्टरांनी पडदा तिच्याकडं वळवला.

निळी रेघ जवळजवळ सरळ होती. डिसेंबरपासून कालपर्यंत हेमंतची प्रत्येक टाळी ठोक्याच्या केसभर आधी पडली होती. चांगल्या वादकाची असते तशी. चारुशीलानं रेघेवरचे आकडे वाचले, एकक तपासलं, तारखा तपासल्या. मोजणीत कुठं चूक दिसेना.

मग तिनं विचारलं, “काल दुपारी बोलावलीत ती माणसं कोण?”

“सांभाळणारी,” डॉक्टर म्हणाल्या. “कसं सांभाळायचं, स्वतः कसं टिकायचं, ते आम्ही शिकवतो.”

बाहेर मंचावर कुणीतरी ड्रमचे पडदे ताणून पाहत होतं. चारुशीलानं दुसरी रेघ मागितली. डॉक्टर थांबल्या. काकूंनी अर्जात आपला आलेख आपल्याला दाखवू नये असं नोंदवलं आहे, असं त्यांनी सांगितलं. आपण असलं काही नोंदवलेलं नाही, असं चारुशीला ठामपणे म्हणाली. तेव्हा डॉक्टरांनी अर्जासोबत आलेलं संमतीचं ध्वनिमुद्रण लावलं. आवाज चारुशीलाचा होता. शब्द तोलून, थांबत थांबत ती बोलत होती. काही आढळलं तर हेमंतला सांगावं, मला सांगू नये. कळलं की मी प्रत्येक विसरलेल्या चमच्याचा पुरावा करत बसेन. मला तसं जगायचं नाही.

वाक्य तिचंच होतं, चमचासुद्धा. पण त्यातलं अक्षरही तिला आठवत नव्हतं. आणि आवाज हा काही पुरावा नव्हे, हे तिला माहीत होतं. हल्ली कुणाच्याही आवाजात काहीही बोलवून घेता येत होतं, मेलेल्या माणसाच्याही. या डॉक्टरनं ते केलं नसेल कशावरून? हेमंतनं केलं नसेल कशावरून? मग तिच्या मनात तिसरा प्रश्न आला. गेले दोन महिने येणारा हा संशय नेहमीचाच, की तोही आलेखातच कुठंतरी दिसतो?

“दाखवायचं की नाही?” तिनं विचारलं.

“आज तुम्ही शुद्धीत समोर बसून मागताय,” डॉक्टर म्हणाल्या. “मी आजचं ऐकते.”

दुसरी रेघ तांबडी होती आणि ती हळूहळू वर चढत गेली होती.

चारुशीला तंबूकडं न जाता सड्याच्या कडेला जाऊन बसली. थोड्या वेळानं हेमंत तिला शोधत आला. डॉक्टरांनी त्याला कळवलं असणार. तो कातळावर तिच्या शेजारी टेकला. तिनंच विचारलं, जे तिला माहीत नव्हतं ते त्याला कधीपासून माहीत होतं. त्यानं सगळं सांगितलं. गेल्या दिवाळीनंतर भाचीच्या लग्नात ती टाळ्या वाजवत होती आणि त्या मागं पडत होत्या. जवळजवळ पन्नास वर्षं त्याची लय सुधारणारी बाई मागं पडते आहे, हे त्याच्या कानाला खटकलं. अशा लोकांची नीट काळजी घेणारा महोत्सव त्यानं आधीच शोधून ठेवला होता. बाकीची दोन नावं त्यानं सुचवली ती फक्त निवड तिचीच वाटावी म्हणून. गुडघ्याचंही त्यानंच कळवलं होतं.

“आणि अर्ज?”

“तूच भरलास. चौदाही पानं मोठ्यानं वाचून. मी नको म्हणत होतो, तू ऐकलं नाहीस.”

ती त्याच्याकडं पाहत राहिली. हा माणूस दोन महिने तिच्याशी नाटक करत होता. तो आता खरं बोलतो आहे हे ठरवायला तिच्याकडं यंत्र नव्हतं. म्हणून तिनं तिला येत होतं तेच केलं. तिनं मनगटावरची पट्टी काढून बाजूला ठेवली आणि त्याला कातळावर ठोका द्यायला सांगितलं. हेमंतनं तळहातानं ठोका धरला, संथ, एकसारखा. तिनं डोळे मिटले आणि टाळी द्यायला सुरुवात केली. पहिल्या काही टाळ्या तिला नेमक्या वाटल्या. मग तिनं नीट ऐकलं, आयुष्यभर दुसऱ्याचं ऐकलं तसं. प्रत्येक ठोक्याच्या मागं तिच्या टाळीची एक बारीकशी कड ऐकू येत होती. ती पुढं जायचा प्रयत्न करत होती आणि हात मागंच राहत होता.

तिनं टाळ्या थांबवल्या. हेमंतनं ठोका थांबवला. तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला.

पुढच्या आठवड्यात सांगलीला जाऊन सगळ्या तपासण्या करायच्या, असं तिनं ठरवून टाकलं. मुलीला फोन तीच करणार होती. आजचे दोन्ही बँड पूर्ण ऐकायचे, मध्ये उठायचं नाही, हेही ठरलं. हेमंत मान हलवत राहिला. शबाना लांबवर उभी होती, जवळ येत नव्हती. पहिल्यांदाच चारुशीलानं तिला हात करून बोलावलं आणि दोन कप कोरा चहा मागितला.

चहा येईपर्यंत ती काहीतरी जुळवत होती. मग म्हणाली, “डिसेंबरातल्या मी सांगितलं, मला कळवू नको. आजची मी सांगते, कळव. उद्याची मी आजचं विसरेन, आणि तुला पुन्हा विचारेन की मला काय झालंय. तेव्हा तू कुणाचं ऐकणार?”