वाळूतला किल्ला, पाण्यातला किल्ला

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: पेरणीला बारा दिवस झालेत आणि वावरात एकही अंकुर नाही. माती उकरली, तर कपाशीचं बी आत कुजून पडलेलं.

दिग्रसजवळच्या एका तांड्यावर त्या वर्षी असंच झालं. आठ घरांनी एकाच दुकानातून बी घेतलं होतं. दुबार पेरणीला चार दिवस उरले होते. दुकानदार घनश्यामनं बी बदलून दिलं नाही, तर हंगाम गेला.

चौकशीला कृषी खात्याच्या मंजुषाताई आल्या. त्या दिवसातलं हे तिसरं गाव, तीच तक्रार. म्हातारा फुलसिंग नऊ जूनच्या पावत्या आणि नातीला, जयाला, घेऊन दुकानात आला.

"पावत्या खोट्या आहेत," घनश्याम म्हणाला. "नऊ जूनले दुकान बंद होतं, मी फ्रान्समध्ये होतो. बियाणं कंपनीची सहल. समुद्रकाठचे जुने किल्ले पाहून राह्यलो होतो."

"तुयाच हातून पिशव्या घेतल्या, शेठ!" फुलसिंग म्हणाला. "तवा का तुयं भूत बसलं होतं गल्ल्यावर?"

"पासपोर्ट दाखवा," मंजुषाताई थकून म्हणाल्या.

"पुढच्या सहलीच्या व्हिसासाठी मुंबईले गेला. आठ दिवसांनी येईन. हे फोटो पाहा ना."

दोन फोटो. दोन्हींवर नऊ जून छापलेला. एकात किल्ला, भोवती ओली वाळू, चालणारी माणसं. दुसऱ्यात किल्ला, भोवती पाणीच पाणी.

"यांत तुम्ही कुठे?"

"फोटो काढणारा फोटोत कसा येईन, मॅडम?"

"किल्ल्यांत गेलात कसे?"

"वाळूतल्या किल्ल्यात पायी. पाण्यातल्या किल्ल्यात बोटीनं."

"दोघांत अंतर किती?"

"बसनं दोन तास."

जया फोटोंवर वाकली होती. "मॅडम, दोन्हीचा डावा बुरूज फुटका हाय. फटीतलं झुडूपबी तेच!"

मंजुषाताई सावकाश खुर्चीत टेकल्या. "मी अलिबागची, घनश्यामजी. आमच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जातात, भरतीला बोटीनं. समुद्र दिवसातून दोनदा मागे हटतो. हा एकच किल्ला आहे, सकाळचा आणि दुपारचा. तिथं उभा राहिलेला माणूस त्याचे दोन किल्ले करून मध्ये दोन तासांची बस घालणार नाही. तुम्ही फक्त फोटो पाहिलेत. सहलीला कोण गेलं?"

घनश्यामची मान खाली गेली. "देवीलाल. माया साळा."

"आणि तुम्ही इथं बसून मागच्या साली उरलेलं बी नव्या पिशव्यांत भरून विकलंत. नवं बी तिन्ही गावांत असं कुजत नाही. पकडले गेलात तर दाखवायला हे फोटो."

संध्याकाळी तांड्यावर बदली पिशव्या आल्या. माणसं लगेच वावराकडे निघाली. जयानं एक पिशवी फोडली, मूठभर बी काढलं आणि ओल्या गोणपाटात गुंडाळायला बसली.

"आता काहून?" फुलसिंगनं विचारलं.

"उगवते का, पाहू तं दे," ती म्हणाली, आणि गोणपाटावर तिनं आणखी थोडं पाणी शिंपडलं.