नजर कुणाकडे?

"डावा डोळा झाका."

त्यानं उजवा झाकला.

"डावा म्हणाले मी."

"उजव्यानं तुम्ही स्वच्छ दिसत होता. म्हटलं, डाव्यानं बी दिसताय का बघावं."

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला असली वाक्यं आठवड्यातून दोनदा तरी ऐकावी लागतात. त्यासाठी माझ्याकडे एक खास थंड आवाज आहे. तो काढला. "खालची ओळ वाचा."

त्यानं सगळ्यात खालची, कंपनीचं नाव छापलेली बारीक ओळसुद्धा वाचून दाखवली. हेवी लायसनच्या रिन्यूअलसाठी आला होता. फॉर्मवर नाव – शहाजी. काम – ट्रेलर ड्रायव्हर. मुक्काम – बरवा अल बराहा, दोह्याची कामगार वसाहत. गाव साताऱ्याकडचं, ते फॉर्मवर नव्हतं, बोलण्यात होतं.

"डोळे ठणठणीत आहेत, राजे," मी म्हणाले. नावच असं, जीभ घसरली.

"मग शुक्रवारी संध्याकाळी दुखत्यात कशानं?"

"मोबाइल फार बघत असाल."

"मोबाइल न्हाय. पत्ते."

मी मान वर केली... आणि शिक्का मारायचा राहिला. कारण शुक्रवारी पत्त्यांच्या टेबलाशी मीही असायचे. खेळायला नाही. पहारा द्यायला.

त्याचं असं झालं. बारा वर्षांपूर्वी बरवा अल बराहाच्या एका खोलीत, फ्रिजचा खोका पालथा घालून चार मराठी माणसं मेंढीकोट खेळायला बसली. त्यात माझे बाबा, गोविंदराव, होते आणि खोलीचे मालक शोभणारे वेल्डिंग फोरमन पोपटराव होते. मेंढीकोट म्हणजे चौघांचा खेळ. समोरासमोरचे दोघे भिडू, चार दश्श्यांपैकी तीन ज्यांनी जिंकल्या त्यांचा डाव. पैसा एक रियालही नाही. इथं पैसे लावून पत्ते खेळलात तर सरळ विमानात बसवतात, त्यामुळे बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, 'चहा लावायचा, बाकी काही नाही.'

त्या खोक्याचं पुढे काय झालं म्हणता? आठ जोड्या झाल्या, मग चौसष्ट. बहारीन, कुवेत, मस्कतची मंडळी जोडली गेली आणि 'गल्फ मेंढीकोट सर्किट' सुरू झालं. रँकिंग आलं, नावं छापलेले टी-शर्ट आले, एका खजूरवाल्यानं टोप्या दिल्या. आणि रँकिंग आलं तशी लबाडी आली. भिडूला डोळा मारायचा, कान खाजवायचा. कुणी अरबीतलं 'यल्ला', म्हणजे 'चला', म्हणालं की बदाम उतरा. कुणी 'खलास' म्हणालं की समजायचं, या रंगाची पानं माझ्याकडे संपली. म्हणून नियम सात – टेबलावर यल्ला नाही, खलास नाही, चकार शब्द नाही. आणि नियम आठ – प्रत्येक टेबलाला एक नजरपंच.

"तू दिवसभर लोकांच्या डोळ्यांतच बघतेस ना?" बाबा म्हणाले. "मग शुक्रवारीही बघ."

मला एक वही मिळाली. तिच्यात चार रकाने – वेळ, कोण, नजर कुणाकडे, खूण काय. खूण सिद्ध झाली की जोडी कायमची बाहेर. आणि निकाल लपवाछपवीचा नको म्हणून पंचानं लिहिलेलं पान चिटणीसानं माइकवर वाचायचं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. चिटणीस अर्थात बाबाच.

त्या शुक्रवारी चार नंबरच्या टेबलावर शहाजी आणि पोपटराव बसले होते. शहाजीनं वर पाहिलं, माझा बिल्ला वाचला, आणि त्याचा चेहरा असा काही झाला की मी घाईघाईनं वहीत तारीख घातली. ती आधीच घातलेली होती.

तेव्हापासून सुरू झालं. तो खेळायचा झकास. पान टाकायच्या आधी त्याची कड हनुवटीला टेकवायचा. आणि एखादा अवघड हात जिंकला की क्षणभर... फक्त क्षणभर... वर बघायचा. माझ्याकडे. मी पेन उचलायचे. पहिला रकाना भरायचे. दुसरा भरायचे. तिसऱ्यापाशी हात थांबायचा, आणि मी सगळं खोडून टाकायचे.

कतारच्या उत्तर टोकाला अल रुवैसची फेरी झाली, तेव्हा मधल्या सुट्टीत सगळे बंदरावर चहाला गेले. वारा खारट होता आणि माझी ओढणी जागेवर राहायला तयार नव्हती. तो दोन हात अंतर ठेवून उभा राहिला.

"आज दोनदा बघितलंत," मी म्हणाले.

"मोजताय व्हय?"

"तेच माझं काम आहे."

"मग लिवलं का न्हाय?"

मी चहाचा कप फुंकत राहिले. चहा केव्हाच गार झाला होता.

"लिवा की," तो होड्यांकडे बघत म्हणाला. "निदान कागदावर तरी दोघांची नावं शेजारी येतील."

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करायला आता काय जातं! पण भीतीही तितकीच वाटली. कारण खोडलेल्या त्या ओळी म्हणजे माझा प्रामाणिकपणा होता, आणि मी तो आपल्याच हातानं खरवडत होते.

कतारची अंतिम फेरी दोह्यात. जुम्म्याची नमाज झाल्यावर दोन वाजता सुरू. बाहेर धुळीचं वारं सुटलेलं, आत तीनशे माणसं आणि कुरकुरणारा एसी. समोरची जोडी अल रुवैसची – रत्नागिरीचे रहमानभाई आणि त्यांचा पुतण्या जैद. जिंकणारी जोडी सर्किटच्या शेवटच्या सामन्यांसाठी मस्कतला जाणार होती. शहाजीला मस्कत आणखी दहादा मिळालं असतं. पोपटरावांना नाही. त्यांचा व्हिसा संपत होता. सत्तावीस वर्षांनंतर ते कायमचे गावी निघाले होते, मस्कत खेळून तिथूनच जायचं असं ठरवून.

खेळ सुरू व्हायच्या आधी शहाजी मला पाण्याच्या मशीनपाशी गाठून म्हणाला, "आज जिंकलो, हरलो, काय बी होऊ दे. गोविंदरावांशी बोलायला घरी येऊ का?"

माझ्या हातातला ग्लास भरून वाहायला लागला. "एका अटीवर सांगेन."

"बोला."

"आज माझ्याकडे बघायचं नाही. एकदाही नाही. आज बघितलंत तर मला लिहावं लागेल, आणि पोपटकाकांचं मस्कत जाईल."

"आणि न्हाय बघितलं तर?"

"तर संध्याकाळी उत्तर."

त्यानं खजूरवाल्याची टोपी भुवयांपर्यंत ओढली. "आता तुम्ही हायसा का न्हाय, मला ठावंच न्हाय."

आणि खरंच, अडीच तास त्यानं मान वर केली नाही. डाव गेला, डाव आला, लोक ओरडले, पण टोपी हलली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण अडीच तास कुणी आपल्याकडे बघत नाही म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं!

डाव बरोबरीत. शेवटची वाटणी. हुकूम इस्पिकचा. दोन दश्श्या पोपटरावांच्या बाजूला, एक रहमानभाईंच्या. राहिली बदामाची. ती कुणाकडे, ते ज्याच्याकडे त्यालाच माहीत. पोपटरावांनी हात जिंकला आणि पानं गोळा करायला लागले. शहाजीला वेळ बघायची असावी. घड्याळ नेमकं माझ्या मागच्या भिंतीवर. त्याची मान निम्मी वर आली, मग त्याला अट आठवली आणि त्यानं दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले. मास्तरांनी प्रश्न विचारू नये म्हणून पोरं मिटतात, तसे.

मी हसले. आवाज नाही, नुसतं हसू. पण त्याच क्षणी त्यानं डोळे उघडले.

"खलास..." तो म्हणाला.

हळू म्हणाला. पण टेबल केवढंसं असतं! पाठोपाठ पोपटरावांनी पान उतरवलं – बदामाची दश्शी. रहमानभाईंनी आपली पानं पालथी ठेवली.

"पंच."

मागच्या रांगा खुर्च्यांवर चढल्या.

"मी ऐकलं, बेटा," रहमानभाई शांतपणे म्हणाले. माणूस सरळ, आवाजही चढवला नाही. "हा खलास बोलला, आणि लगेच ह्यांनी दश्शी उतरवली. भिडूकडे बदाम नाही, तो हुकमानं मारणार, हे कळल्याशिवाय एवढी हिंमत कोण करतो?"

जैदनं शहाजीची पानं उलटली. एकही बदाम नव्हता. मागून कुणीतरी ओरडलं, "खूण! खूण केली!" आणि मग सगळेच ओरडायला लागले.

"अरे, मागच्या बदामाला शाजीनं राजा घालवला!" पोपटराव उभे राहिले. "हातात दुसरा बदाम असता तर राजा कोण घालवतं? मी पानं मोजतोय, खुणा न्हाय बघत!" पण गलक्यात कोण ऐकतंय? त्यांनी भिडूकडे पाहिलं. "शाजी, कुणाला म्हणलास रं?"

शहाजीनं माझ्याकडे बघितलं नाही. "चुकून निघालं, काका." बस, एवढंच. त्यानं माझं नाव घेतलं असतं तर सुटला असता. घेतलं नाही. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि खाली बघत राहिला.

नियमाप्रमाणे मला दहा मिनिटं होती. मी वही उघडली. तिसरा रकाना कोरा. खूण म्हणून लिहिलं तर ते दोघे कायमचे बाहेर आणि पोपटकाका लबाड म्हणून गावी जाणार. 'काहीच घडलं नाही' लिहिलं तर रहमानभाई खोटे ठरणार. आणि खरं लिहिलं तर... खरं लिहिलं तर ते बाबा माइकवर वाचणार, तीनशे माणसांसमोर, शब्द न गाळता.

मी लिहिलं. या वेळी खोडलं नाही. पान फाडून बाबांच्या हातात दिलं आणि आपल्या खुर्चीत येऊन बसले.

"वेळ – चार वाजून चाळीस मिनिटं," बाबांचा आवाज घुमला. "कोण – शहाजी. नजर कुणाकडे –"

ते थांबले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. तो चष्मा मीच बनवून दिलेला. त्यातून चुकीचं दिसणं शक्य नव्हतं.

"नजर कुणाकडे – पंचाकडे."

तीनशे माना माझ्याकडे वळल्या.

"खूण – नाही. खलास हा शब्द... पंचाला उद्देशून." बाबा वाचायचे थांबले नाहीत. "शेरा. आधी पंच हसले. यापूर्वीच्या फेऱ्यांत पाच वेळा खेळाडूनं असंच पाहिलं, ते पंचानं लिहून खोडलं. कारण पंचाला ते आवडत होतं. खेळाडूंचा दोष नाही. दोष पंचाचा. पंच बिल्ला परत करत आहे. सही – संजीवनी गोविंदराव."

मी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. तेवढ्यात रहमानभाई असे खदखदून हसले की त्यांची पालथी पानं जमिनीवर सांडली. "या अल्ला! मी समजलो पत्त्यातलं खलास. हा पोरगा तर खरोखरचा खलास झालाय!"

मग जो हॉल उसळला, शिट्ट्या काय, टाळ्या काय... मी ओढणीत तोंड लपवलं. शहाजीचे कान बदामाच्या एक्क्यापेक्षा लाल झाले होते.

शेवटची वाटणी रद्द झाली, नवा पंच बसला, पानं पुन्हा पिसली. आणि ते दोघे हरले. बदामाची दश्शी या वेळी रहमानभाईंकडे गेली.

मी पोपटकाकांसमोर जाऊन उभी राहिले. डोळे भरून आले होते. "काका, माझ्यामुळे तुमचं मस्कत..."

त्यांनी पत्त्यांचा कॅट नीट डबीत भरला. "वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पोरी, लबाड म्हणून गावाला गेलो असतो तर बायकोला काय तोंड दाखवलं असतं? नाव सोबत घिऊन चाललोय. फकस्त माझा भिडू एकटा पडतोय. तेवढं बघा."

बाबा एव्हाना खुर्च्या मोजत होते. त्या एरवी दुसरंच कुणी मोजतं. माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. अखेर ते शहाजीपुढे आले. तो ताडकन उभा राहिला.

"पुढच्या सीझनचा फॉर्म," बाबांनी कागद पुढे केला. "भिडूचं नाव लिहिल्याशिवाय नोंद होत नाही."

"भिडू गावाला चालला, साहेब."

"माहीत आहे." बाबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. रागावले होते, नक्कीच. पण डोळ्यांच्या कडांशी आणखीही काही होतं, आणि डोळे वाचायचं शिक्षण मला आहे. "उद्या संध्याकाळी अल हिलालला घरी या. पत्ते घेऊन या. दहा डाव माझ्यासमोर बसून खेळल्याशिवाय मी माझ्याकडचा भिडू कुणाला देत नाही."

ते पुन्हा खुर्च्या मोजायला गेले. शहाजी कागद हातात धरून नुसता उभा.

"संध्याकाळी उत्तर देईन म्हणाले होते," मी म्हणाले.

"पर मी अट मोडली की."

"मी तर नियमच मोडला." मी त्याच्या हातातून फॉर्म ओढला, त्याच्याच खिशातलं पेन काढलं, आणि त्याच्या नावाशेजारच्या रिकाम्या चौकोनात लिहिलं – संजीवनी.

त्यानं ते वाचलं. खालच्या बारीक ओळीपर्यंत. मग घसा साफ करून विचारलं, "आता... बघितलं तर चालतंय?"

"बघा."

तो बघत राहिला. मीही. आणि कुणीच काही लिहून घेतलं नाही.